कॉम्रेड आर. बी. मोरे : चवदार तळ्यापासून लाल बावट्यापर्यंत

महाडच्या सत्याग्रहाचा विषय निघाला की बाबासाहेबांच्या पाठोपाठ आपण सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, सहस्रबुद्धे ही नावे घेतो. घ्यायलाच हवीत. पण ज्या पोराच्या डोक्यात ही परिषद सगळ्यात आधी आली, ज्याने तीन वर्षे बाबासाहेबांचा पिच्छा पुरवला आणि कुलाबा जिल्ह्यातली गावे पायाखाली घातली, त्या रामचंद्र बाबाजी मोरे यांचे नाव आपल्या भाषणांत क्वचितच येते. कारण उघड आहे. महाडनंतर तीन वर्षांनी मोरे कम्युनिस्ट झाले. आपल्यातल्या अनेकांनी तिथेच त्यांचे पान मिटले. आणि ज्या पक्षात ते गेले त्या पक्षाच्या इतिहासातही डांगे, रणदिवे, मिरजकर, अधिकारी अशी नावे ठळक टाइपात आली. मोरे बारीक टाइपात राहिले.

आम्हाला हा माणूस महत्त्वाचा वाटतो तो नेमका यासाठीच. त्याने एक झेंडा टाकून दुसरा उचलला, ही समजूत आमच्या मते चुकीची आहे. परळचा दामोदर हॉल, जिथे बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय होते, आणि गिरगावातली खेतवाडी, जिथे चाळीसच्या दशकात कम्युनिस्ट पक्षाचे मुख्यालय होते, ही दोन ठिकाणे मुंबईत एकमेकांपासून पाच-सहा किलोमीटरवर आहेत. मोरे यांचे आयुष्य या दोन पत्त्यांच्या मधल्या रस्त्यावर गेले. दोन्हीकडे त्यांना माणसे होती आणि दोन्हीकडे त्यांच्यावर संशय घेणारेही होते.

मोरे यांचा जन्म १ मार्च १९०३ चा, महाड तालुक्यातल्या लाडवलीचा. शिक्षणाची सुरुवात सावित्री नदीच्या काठच्या दासगावात झाली. हा भाग आपल्या चळवळीसाठी साधा नाही. गोपाळबाबा वलंगकर याच महाड परिसरातले. इंग्रजांच्या पलटणीत नोकरी करून आलेले महार पेन्शनर या खाड्यांच्या काठच्या गावांत होते. पलटणीतल्या शाळेमुळे त्यांना लिहितावाचता येत होते, आणि सरकारने महारांची भरती बंद केल्याचा राग त्यांच्या मनात होता. त्यामुळे या मुलखात शिकण्याची ओढ आणि अर्ज-विनंत्या करण्याची सवय मोरे यांच्या जन्माआधीपासून होती.

रामचंद्र हुशार निघाला. वयाच्या अकराव्या वर्षी तो स्कॉलरशिपच्या परीक्षेत उत्तीर्ण झाला. पुढचे शिक्षण महाडच्या इंग्रजी शाळेत घ्यायचे होते. तिथे प्रवेश नाकारण्यात आला. सरकारने स्कॉलरशिप दिलेला मुलगा शाळेच्या उंबऱ्यावरून परत पाठवला गेला, कारण तो महार होता. प्रकरण वर्तमानपत्रात गेले, वरून दडपण आले, तेव्हा कुठे प्रवेश मिळाला. पण वर्गात बसायचे वेगळे. रोहित वेमुलाच्या काळात वाढलेल्या आपल्या वाचकाला यात नवे काही वाटणार नाही. आम्ही ते मुद्दाम सांगतो, कारण पुढे मोरे यांना जातीचा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागला नाही, आणि पक्षात त्यांच्याशी वाद घालणाऱ्या बऱ्याच शिकलेल्या मंडळींना तो पुस्तकातूनच शिकावा लागत होता.

शिक्षण अर्धवट राहिले. घरची परिस्थिती बेताची. कोकणातल्या हजारो तरुणांसारखे मोरे मिळेल ते काम करत मुंबई आणि आसपास फिरले. गोदीतली हमाली केली, मुलांच्या शिकवण्या केल्या, लोकांचे अर्ज लिहून दिले. अधूनमधून महाडला परत येत. महाड ही बाजारपेठ. आजूबाजूच्या खेड्यांतले अस्पृश्य लाकूडफाटा, गवत विकायला येत, बोटीने मुंबईला जाणारे इथून जात. दिवसभर उन्हात बाजार करायचा आणि घोटभर पाण्यासाठी तोंड वेंगाडायचे. गावात चवदार तळे भरलेले, पण ते यांच्यासाठी नाही. मोरे यांच्या पुढाकाराने बाजारात आपल्या माणसांसाठी चहाचे दुकान निघाले. दिसायला लहान गोष्ट आहे. पण तिथे पाणी मिळू लागले, बसायला जागा मिळाली, गावोगावची माणसे एकमेकांना भेटू लागली, आणि चहा घेता घेता कोणाच्या तक्रारीचा अर्ज लिहून होऊ लागला. परिषदेची पायाभरणी अशा दुकानात झाली. आज ज्यांना संघटना बांधायची आहे त्यांनी हा भाग दोनदा वाचावा असे आम्हाला वाटते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला : सरकारी पैशातून बांधलेली किंवा सरकारी संस्थांच्या ताब्यातली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने या ठरावाला धरून आपले तळे खुले असल्याचे जाहीर केले. कागदावर तळे खुले झाले, पण तिथे जाऊन पाणी पिण्याची हिंमत कोणाची नव्हती. मोरे यांनी हे हेरले. त्याच वर्षी ते मुंबईत बाबासाहेबांना भेटले आणि महाडला परिषद घ्या, तुम्ही या, असा आग्रह धरला. बाबासाहेब विलायतेहून नुकतेच परतलेले, वकिलीचा जम बसायचा होता, बहिष्कृत हितकारिणी सभेची उभारणी चालू होती. होकार प्रत्यक्षात यायला १९२७ साल उजाडले. या तीन वर्षांत मोरे आणि त्यांचे साथी गावोगाव हिंडत होते. मोरे तेव्हा एकवीस ते चोवीस वर्षांचे.

१९ आणि २० मार्च १९२७ ची कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद सगळ्यांना माहीत आहे. अडीच-तीन हजार लोक जमले. त्यांच्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते, ते तळे उशाला असताना. स्वागताध्यक्ष संभाजी तुकाराम गायकवाड होते, व्यवस्थेचा भार मोरे आणि अनंतराव चित्रे यांच्यावर. दुसऱ्या दिवशी मिरवणूक तळ्यावर गेली, बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले. मग वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवून सवर्णांनी जेवणाच्या मंडपात घुसून मारहाण केली. अन्न मातीत गेले. तळे पुढे पंचगव्य आणि १०८ घागरींनी शुद्ध करून घेण्यात आले.

डिसेंबरमधली दुसरी परिषद याहून अवघड होती. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला होता, सवर्णांनी कोर्टातून मनाई हुकूम आणला होता, परिषदेसाठी कोणी हिंदू जागा देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. बाबासाहेब मुंबईहून पद्मावती बोटीने आले आणि उतरले ते दासगावच्या बंदरात, मोरे यांच्या गावी. तिथून लोकांची रांग पायी महाडला निघाली. २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री मनुस्मृती जाळण्यात आली. सत्याग्रह मात्र कोर्टाचा निकाल लागेपर्यंत तहकूब झाला. तो निकाल हायकोर्टात लागला १७ मार्च १९३७ रोजी, म्हणजे पहिल्या ओंजळीनंतर दहा वर्षांनी.

आता मुंबईकडे वळू. महाडहून परतलेला कोकणी महार तरुण ज्या मुंबईत येत होता ती १९२८ मध्ये पेटलेली होती. एप्रिलच्या अखेरीला गिरण्यांचा सार्वत्रिक संप सुरू झाला तो ऑक्टोबरपर्यंत, सुमारे सहा महिने चालला. याच संपात गिरणी कामगार युनियन, लाल बावटा, उभी राहिली. दीड लाख कामगार रस्त्यावर. पण या दीड लाखांतही वरखाली होते. कापड विणण्याच्या खात्यात पगार चांगला, आणि तिथे अस्पृश्याला मज्जाव. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, आणि महाराच्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगाराच्या तोंडाला लागला तर तो बाटतो. मालकाने केलेला हा नियम नव्हता. कामगारांनीच तो पाळला होता. संपाच्या मागण्यांत या भेदाविरुद्ध काही नव्हते. ते कलम घाला, नाहीतर आमचे लोक संपात राहणार नाहीत, असे बाबासाहेबांनी बजावले तेव्हा पुढाऱ्यांनी नाखुशीने ते घातले. आणि मालकांनी ते वाचून हात वर केले : हा आमचा दोष नाही, तुमच्या कामगारांचा आहे.

ही गोष्ट ऐकून दोन निष्कर्ष निघू शकतात. एक, लाल बावटा आपला नाही. दोन, लाल बावट्यात आपला माणूस असल्याशिवाय हे बदलणार नाही. आपल्या समाजातल्या बहुतेकांनी पहिला काढला, आणि त्यांना दोष देण्याचे आम्हाला काही कारण दिसत नाही. मोरे यांनी दुसरा काढला. १९३० मध्ये ते कम्युनिस्ट पक्षात गेले. मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी पुढारी पकडले गेले होते, संघटना विस्कळीत झाली होती. पदे मिळावीत म्हणून कोणी त्या वर्षी त्या पक्षात जाईल अशी परिस्थिती नव्हती.

याच १९३० साली पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, ब्राझीलमध्ये, मिनर्विनो द ओलिव्हेइरा नावाचा संगमरवर घडवणारा कृष्णवर्णीय कामगार कम्युनिस्टांच्या कामगार-शेतकरी गटातर्फे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवत होता. त्या देशात गुलामी कायद्याने संपली ती १८८८ मध्ये, म्हणजे जेमतेम चाळीस वर्षांपूर्वी. निवडून येण्याचा प्रश्नच नव्हता. पण गुलामांच्या वंशातला मजूर त्या खुर्चीसाठी उभा राहतो हेच तिथल्या कॉफीच्या मळेवाल्यांना सहन होण्यासारखे नव्हते. रंग आधी की वर्ग आधी, हा वाद तिथल्या पक्षातही पुढे अनेक वर्षे चालला. आपल्याकडे तोच वाद जातीच्या नावाने चालला आणि मोरे त्याच्या मधोमध उभे होते.

कम्युनिस्ट पक्षाच्या १९३० च्या मसुदा कार्यक्रमात जातिव्यवस्था समूळ नष्ट करण्याची मागणी होती, हे नोंदवायला हवे. कागदावरचे कलम आणि चाळीतला व्यवहार यांच्यात अंतर होते, जसे महाडच्या तळ्याच्या बाबतीत होते. पुढारी बहुतेक वरच्या जातींतले, कॉलेजात शिकलेले. वर्गलढा जिंकला की जात आपोआप गळून पडेल, तोवर तिचा वेगळा विचार केला तर कामगारांत फूट पडेल, ही त्यांची समजूत. मोरे यांचे म्हणणे उलट होते : फूट आधीच पडलेली आहे, ती झाकून ठेवल्याने जुळत नाही.

बाबासाहेबांशी त्यांचे नाते तुटले नाही. मार्ग वेगळा झाला, माया राहिली. आणि १९३८ साल असे आले की दोन्ही रस्ते काही महिने एकत्र चालले. जानेवारीत खोतीविरुद्ध कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर आला. त्यात स्वतंत्र मजूर पक्षाचे झेंडे होते आणि लाल बावटेही होते. फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. ७ नोव्हेंबरला संपाचा हक्क कापणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, बाबासाहेब आणि डांगे एका व्यासपीठावर आले, मुंबईच्या गिरण्या बंद राहिल्या, गोळीबारही झाला. खोतीने पिळलेला कोकणी कूळ, गिरणीतला बदली कामगार आणि तळ्यावर मार खाल्लेला महार हा बऱ्याचदा एकच माणूस असतो, हे मोरे यांना आपल्याच घराण्यात आणि गावात दिसत होते. त्या वर्षी ते रस्त्यावर दिसले.

ते टिकले नाही. दुसरे महायुद्ध, पक्षावरची बंदी, बंदी उठल्यावर युद्धाला पाठिंबा देण्याची भूमिका, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना. वाटा पुन्हा फाटल्या. १९४२ मध्ये पक्ष कायदेशीर झाल्यावर खेतवाडीतल्या राज भुवनात मुख्यालय थाटले गेले. देशभरातले कार्यकर्ते, लेखक, चित्रकार तिथे येत. मोरे यांचे काम मात्र जास्त करून वस्त्यांमध्ये होते. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात, जिथे वाटेगावहून आलेला एक मातंग तरुण राहत होता, तिथे मोरे, के. एम. साळवी, शंकर नारायण पगारे यांच्या बैठकी चालत. तो तरुण म्हणजे अण्णाभाऊ साठे. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर अण्णाभाऊंनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णाभाऊंच्या जयंतीला डीजे लावणाऱ्या मंडळांना लेबर कॅम्पातल्या या बैठका ठाऊक असतील का, याची आम्हाला शंका आहे.

सगळ्यात कठीण काळ आला तो १९५२ मध्ये. पहिली सार्वत्रिक निवडणूक. बाबासाहेब उत्तर मुंबईतून लोकसभेला उभे. मतदारसंघ दोन सदस्यांचा, प्रत्येक मतदाराला दोन मते. डांगेही त्याच मतदारसंघात उमेदवार. कम्युनिस्टांनी आपल्या मतदारांना दुसरे मत कुजवा असा प्रचार केला. बाबासाहेब काँग्रेसच्या काजरोळकरांकडून सुमारे चौदा हजार मतांनी पडले आणि बाद झालेल्या मतांचा आकडा सत्तर हजारांच्या वर होता. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी याविरुद्ध अर्ज केला, तो फेटाळला गेला. ही जखम आपल्या समाजात आजही ओली आहे. आम्हीही ती विसरलेलो नाही आणि कोणी विसरावी असे म्हणणार नाही. घटनेच्या शिल्पकाराला पाडण्यात ज्यांचा हात लागला त्यांच्याच पक्षाचे सभासदपत्र मोरे यांच्या खिशात होते. वस्तीत लोकांना त्यांनी कसे तोंड दिले असेल याची कल्पना प्रत्येकाने आपल्यापुरती करावी.

पक्ष सोडून बाहेर येणे सोपे होते. मोरे यांनी आत राहून लिहायला घेतले. १९५३ मध्ये अस्पृश्यता आणि जातिव्यवस्थेच्या प्रश्नावर त्यांनी पक्षाच्या नेतृत्वाला सविस्तर टिपण दिले. हा प्रश्न पक्षाने आपला म्हणून हाती घ्यावा, त्यासाठी वेगळे काम करावे, हा त्याचा रोख होता. अपेक्षित दखल घेतली गेली नाही. १९५७ मध्ये पुन्हा लिहिले. पक्ष फुटला त्या १९६४ मध्ये तिसऱ्यांदा, या वेळी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या नेतृत्वाला. अकरा वर्षांत तीनदा तेच. चिवटपणाचे हे उदाहरण आम्हाला महाडइतकेच मोठे वाटते. तळ्यावर जाताना हजारो लोक बरोबर होते. इथे ते जवळजवळ एकटे होते.

मधल्या काळात १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि महिन्याभराने, २० नोव्हेंबरला, काठमांडूच्या परिषदेत बाबासाहेबांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांची तुलना मांडली. दुःख आणि शोषण दूर करण्याचे ध्येय जवळजवळ एकच. फरक साधनांचा, हिंसा आणि हुकूमशाहीचा. बौद्ध म्हणून आम्ही त्या मांडणीच्या बाजूने उभे आहोत. पण ती मांडणी मार्क्सला झटकून टाकणारी नाही, त्याच्याशी बरोबरीने वाद घालणारी आहे, हेही वाचणाऱ्याला दिसते. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले तेव्हा लाल झेंड्याशी हातमिळवणी करायला ते कचरले नाहीत, आणि त्यासाठी आपल्याच लोकांची बोलणी खाल्ली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही निळा आणि लाल एकाच समितीत होते.

१९६५ मध्ये मोरे यांनी मार्क्सवादी पक्षाचे मराठी साप्ताहिक ‘जीवनमार्ग’ सुरू केले. वय बासष्ट. ११ मे १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते, तोच २९ मे रोजी मुंबईत दलित पँथर स्थापन झाली. दोनच वर्षांनी, १९७४ मध्ये, ती फुटली. नामदेव ढसाळांवर मार्क्सवादाचा शिक्का, राजा ढाले बुद्धाच्या बाजूने. ज्या प्रश्नावर मोरे यांनी चाळीस वर्षे दोन्ही बाजूंशी हुज्जत घातली त्याच प्रश्नावर वस्तीतल्या पोरांची संघटना दुभंगली आणि तेव्हा त्यांना विचारायला मोरे नव्हते.

शेवटच्या वर्षांत त्यांनी आत्मचरित्र लिहायला घेतले होते. बालपण, महाडची शाळा, बाजारातले चहाचे दुकान, सत्याग्रहाची तयारी एवढे त्यांच्या हातून झाले. पक्षातल्या वर्षांपर्यंत ते पोहोचले नाही. तो उरलेला भाग त्यांचे चिरंजीव, कामगार पुढारी सत्येंद्र मोरे यांनी लिहिला. मराठी पुस्तक २००३ मध्ये आले, इंग्रजी भाषांतर २०१९ मध्ये. महाडला क्रांतिदिनाला जाणाऱ्या आपल्या अभ्यासवर्गांत त्यातली पहिली शंभर पाने तरी वाचायला घ्यावीत, दासगावच्या बंदरावर थांबून घेतली तर जास्त बरे.